वाणाच्या मेणबत्ती-बरण्या: वरचा पांढरा थर दरवर्षी का सुटतो?

जॅमची, लोणच्याची किंवा कॉफीची रिकामी बरणी घ्यायची, बाहेरून गम लावून ती जाड्या मिठात लोळवायची, गळ्याशी सुतळी बांधायची आणि आत एक टी-लाइट, म्हणजे छोट्या वाटीतली बुटकी मेणबत्ती, ठेवायचा. खर्च जवळपास काही नाही आणि दिसते मात्र फार सुरेख. ऐन थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी पहाटे गवतावर हिमकण धरतात, तशी ती काच आतून उजळते. नाताळला, मार्गशीर्षात किंवा संक्रांतीच्या वाणाला ही वस्तू कुणालाही आवडते.

मी डोंबिवलीत राहते आणि गेली चार वर्षं हळदीकुंकवाला याच बरण्या लुटते आहे. पहिल्या दोन वर्षांतल्या बऱ्याच बरण्या होळीपर्यंत धड राहिल्या नाहीत. कुणाच्या फळीवर पाण्याचं गोल वर्तुळ उमटलं, कुणाची बरणी नुसता हात लावला तरी झडायला लागली, एकीच्या बरणीवरचा थर तर केळ्याच्या सालीसारखा सोलून निघाला. वाणाच्या वस्तूबद्दल तोंडावर कुणी काही बोलत नाही. पण हाताने केलेली वस्तू पंधरा दिवसांत टाकून द्यावी लागली की घेणारीला अवघडल्यासारखं होतं, आणि नंतर कळलं की देणारीलाही मनापासून वाईट वाटतं. मला वाटलं. म्हणून पुढची दोन वर्षं मी एकेक कारण वेगळं काढून तपासलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

आधी बघा, सुटतंय कुठून आणि कसं

थर सुटला की आपण गमाला दोष देतो आणि पुढच्या खेपेला गम जास्त लावतो. मीही तेच केलं आणि बिघाड वाढला. बिघडलेली बरणी लगेच धुवू नका. उजेडात नेऊन नीट पाहा, कारण चूक कशाची ते तिच्यावरच दिसतं.

थर बोटाला ओला, चिकट लागतो आणि बरणीखाली पाणी साठतं, तर चूक मिठाची. थर कोरडा आहे पण पापुद्र्याने निघतो आणि पापुद्र्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत आहे, तर चूक काचेच्या सफाईची. बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागते, तर हवा कोरडी पडली किंवा गम थंडीत नीट जमला नाही. आणि फक्त वरच्या कडेचा दोन बोटांचा पट्टा सुटला असेल, तर ते ज्योतीच्या उष्णतेचं काम. एकाच बरणीवर दोन कारणं असू शकतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या बरण्यांवर तर तीन होती.

ओली, चिकट बरणी

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा, म्हणजे किनारपट्टीच्या सगळ्या पट्ट्यात पहिलं कारण हेच. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. खड्याचं मीठ याहून वाईट, कारण मिठागरातल्या त्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. पावसाळ्यात आपण मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे घालतो ते याचसाठी. एरवी झाकणाखाली ठेवूनही ज्याला पाणी सुटतं, तेच मीठ आपण काचेच्या बाहेरच्या बाजूला उघड्यावर चिकटवतो. मग ते टिकणार कसं?

खात्री करायची असेल तर सोपं आहे. तुमच्याकडचं मीठ एक चमचाभर काळ्या किंवा गडद बशीत पसरा आणि रात्रभर उघड्या खिडकीशी ठेवा. सकाळी कणांच्या कडा बोथट झालेल्या दिसल्या, बशी ओलसर लागली, तर ते मीठ या कामाला घेऊ नका. मी ही परीक्षा १० जानेवारीला केली होती. थंडी होती, पंखा बंद होता, तरीही सकाळी बशीच्या मधोमध पाणी होतं.

मिठाऐवजी बरेच जण एप्सम सॉल्ट सुचवतात. हे आपलं खायचं मीठ नव्हे, मॅग्नेशियम सल्फेट आहे. खतांच्या दुकानात आणि रोपवाटिकेत याच नावाने मिळतं, औषधांच्या दुकानात पाय शेकायचं म्हणून मिळतं. त्याचे कण लांबट असतात आणि छान चमकतात. ओल्या हवेत ते साध्या मिठापेक्षा कितीतरी जास्त तग धरतं, आर्द्रता जवळपास ९० टक्क्यांवर जाईपर्यंत त्याला पाणी सुटत नाही. म्हणजे आपल्याकडची जानेवारी ते मे निभावून जाते. जुलैत मात्र तेही हार मानतं.

म्हणून किनाऱ्याकडच्या मंडळींना मी आता एकच सांगते: रांगोळी वापरा. दारात घालतो ती साधी पांढरी रांगोळी, फक्त भरड. रांगोळी म्हणजे शिरगोळ्यासारख्या दगडाचा चुरा. ती पाणी ओढत नाही, विरघळत नाही, तिला मुंग्या लागत नाहीत, आणि ती प्रत्येक घरात असते. बारीक पीठ चाळून बाजूला काढा आणि चाळणीत वर राहतो तो कणीदार भाग घ्या. एकट्या रांगोळीची बरणी जरा मंद दिसते, मिठासारखी चकाकत नाही, हे खरं. त्यासाठी रांगोळीचा थर ओला असतानाच वरून चिमूटभर एप्सम सॉल्ट भुरभुरवा. ते पावसाळ्यात गेलं तरी खालचा पांढरा थर जागचा हलत नाही. (काही जणी रवा किंवा साबुदाणा वापरतात. झुरळं आणि उंदीर यांचा विचार करून मी तो नाद सोडला.)

चौकोनी पापुद्रा

दुसऱ्या वर्षी मी एप्सम सॉल्ट वापरलं, पाणी सुटलं नाही, पण बारा बरण्यांपैकी पाचांचा थर गळला. त्यातली एक समोर घेऊन बसले. जिथे काच उघडी पडली होती तो भाग वेडावाकडा नव्हता. चार कोपऱ्यांचा सरळ चौकोन होता, जॅमच्या बाटलीला असतो तेवढा. लेबल होतं तेवढीच जागा सुटली होती, आजूबाजूचा थर नखाने खरवडला तरी निघत नव्हता.

लेबलाचा चिकटा काढायला मी खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा चोळला होता. ही युक्ती चिकट्यासाठी उत्तम आहे, मी अजूनही तीच करते. पण नंतर नुसत्या पाण्याने खळबळून बरणी पुसली होती, आणि काचेवर तेलाचा न दिसणारा पदर राहिला होता. पाण्यात कालवलेला गम तेलावर धरत नाही. वाळताना तो आक्रसतो, आणि खाली पकड नसली की सगळा थर एका तुकड्यात उचलला जातो.

काच स्वच्छ झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतं. धुतलेल्या बरणीवर नळाचं पाणी सोडा. पाणी सपाट पसरून अखंड पडद्यासारखं खाली उतरलं तर काच स्वच्छ आहे. ते मध्येच फाटून थेंब थेंब होऊन उभं राहिलं, तर तिथे तेल आहे. अळूच्या पानावर पाणी जसं थांबतं तसं. एवढ्या एका परीक्षेने माझं निम्मं काम वाचलं.

धुण्याची रीत अशी: लेबल काढून झालं की भांड्याचा साबण आणि सोसवेल इतकं गरम पाणी घेऊन दोनदा घासा, वरून पाणी सोडून पाहा, कोरडी करा. मग सर्जिकल स्पिरिट किंवा पांढरं व्हिनेगर कापसावर घेऊन बाहेरून पुसा. यानंतर बाहेरच्या बाजूला हात लावू नका. बरणी आत बोटं घालून धरा. आपल्या बोटांनाही तेल असतं, आणि स्वयंपाकघरातून उठून आलेल्या हाताला तर असतंच असतं.

गम: कमी लावा, पण दोनदा लावा

सुतारकामाचा पांढरा गम लाकडासाठी केलेला असतो. लाकडाला रंध्रं असतात, गम आत मुरतो आणि पकडतो. काचेला रंध्रं नाहीत. त्यामुळे तिथे जाड थर दिला तर वरून वाळतो, आतून आठवडाभर ओला राहतो, आणि त्या ओल्या गमात मीठ विरघळतं. जास्त गम लावून बिघाड का वाढला, ते मला इथे उमगलं.

हलवा करताना पाहिलाय ना? कढईतल्या तिळावर पाक एकदम ओतला तर गोळा होतो. चमचाभर पाक, हाताने सतत हलवणं, वाळू देणं, मग पुन्हा चमचाभर. काटा यायला दोन-तीन दिवस जातात. इथेही तसंच धीराने करायचं. रुंद मऊ ब्रशने गमाचा इतका पातळ हात द्या की काचेतून पलीकडचं दिसत राहील. पहिल्या हातावर काहीच चिकटवू नका. तो दुधी रंगाचा असतो, वाळला की पारदर्शक होतो. रंग पूर्ण गेला की दुसरा हात द्या, मिनिटभर थांबा, आणि मग बरणी रांगोळीत किंवा सॉल्टमध्ये हलक्या हाताने लोळवा. दाबू नका. दाबलं की कण गमात बुडतात, चमक जाते आणि खडबडीत पोतही जातो.

गम पूर्ण पारदर्शक झालेला नसेल तर थर वाळलेला नाही. वरून हाताला कितीही कोरडा लागला तरी. बरणीच्या तोंडातून आत बघा, आतल्या बाजूने काचेमागे दुधी ढग दिसतात का ते तपासा. बाहेरून हे कधीच कळत नाही.

निफाड, नाशिक, धुळे या बाजूच्या लोकांना वेगळीच अडचण येते. तिथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो. पांढरा गम तापमान दहाएक अंशांच्या खाली गेलं की नीट जमतच नाही, त्याचा सलग पदर न होता खडूसारखी भुकटी होते. रात्री जेवणं आटोपून बरण्या करायला बसलात आणि गच्चीत वाळत ठेवल्यात, तर सकाळी सगळं झडणार. तिथे हे काम सकाळी अकराच्या उन्हात करावं आणि सूर्य मावळायच्या आत बरण्या घरात घ्याव्यात.

वरून संरक्षक हात द्यायचा असेल तर पाण्यात कालवलेलं व्हार्निश नको, ते मीठ विरघळवतं. रांगोळीवर चालेल. सॉल्टवर द्यायचा असेल तर पारदर्शक लॅकरचा स्प्रे हातभर अंतरावरून, उघड्या गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून मारा. आत एक थेंबही जाऊ देऊ नका, तोंडावर कागद चिकटवून घ्या. हा स्प्रे ज्वलनशील असतो. वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, त्या बरणीत दिवा लावायचा नाही. माझं मत विचाराल तर स्प्रेशिवाय काम भागत असेल तर तो टाळावाच.

नागपूरची भुकटी

माझ्या नणंदेने नागपुरात याच पद्धतीने, एप्सम सॉल्ट लावून पंधरा बरण्या केल्या. पाणी सुटलं नाही, पापुद्रा निघाला नाही, पण मार्चअखेर सगळ्या बरण्यांची चमक गेली आणि हात पांढरे व्हायला लागले. तिला वाटलं सॉल्ट भेसळीचं आहे. तसं नव्हतं. एप्सम सॉल्टच्या स्फटिकात वजनाने निम्म्याहून थोडं जास्त पाणीच असतं. मॅग्नेशियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात. हवा फार कोरडी झाली किंवा ऊन लागलं, की त्यातलं काही पाणी निघून जातं, काचेसारखा स्फटिक फुटतो आणि त्याची पांढरी धूळ होते. डोंबिवलीत जे सॉल्ट टिकतं तेच विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडावर भुकटी होतं, ते यामुळे.

गंमत अशी की तिथे उलट साधं जाडं मीठ चांगलं चालतं. त्याच्या स्फटिकात पाणी नसतं, त्यामुळे कोरड्या हवेने त्याचं काही बिघडत नाही. नणंदेने पुढच्या वर्षी मीठच वापरलं, आणि पावसाळा लागेपर्यंत त्या बरण्या जशाच्या तशा होत्या. बरणी कुठे राहणार आहे ते आधी ठरवा आणि मग कण निवडा. पुण्याहून रत्नागिरीला पाठवायची असेल तर रत्नागिरीची हवा धरायची.

वरची कड, आणि काच तडकणं

वरच्या कडेचा थर सुटण्याकडे दुर्लक्ष करू नका. थर सुटला तर वाईट दिसतं एवढंच, पण ज्या उष्णतेने तो सुटतो तीच काच तडकवते.

पांढरा गम उष्णतेने मऊ होतो. ज्योतीची गरम हवा सरळ वर जाते आणि बरणीचा गळा सगळ्यात जास्त तापतो. म्हणून वरची अंगठ्याएवढी रुंदी, साधारण अडीच सेंटिमीटर, कोरी सोडा. सुतळी, फीत, कापडी फूल यातलं काहीही काठाच्या वर येता कामा नये. वाळलेली फुलं, कापूस, बरणीच्या आत तर अजिबात नको. दिसायला कितीही छान असलं तरी.

जॅमच्या बरणीची काच साधी असते. तापली की ती प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. टी-लाइटची ॲल्युमिनियमची वाटी सरळ काचेवर ठेवली, मेण पूर्ण वितळलं आणि बरणी थंडगार लादीवर असली, की तळाचा मधला भाग गरम आणि कडा गार राहतात आणि तळ फुटतो. आत दोन सेंटिमीटर कोरडी, धुतलेली वाळू घाला आणि टी-लाइट तिच्यावर बसवा. उष्णता थेट काचेला लागत नाही आणि वाटीही सरकत नाही. वाळू धुतली असेल तर दोन दिवस उन्हात वाळवा, ओली वाळू आतून काच धुरकट करते.

बरणी निवडताना तोंडातून हात आत जातो का ते बघा. हात जात नसेल तर हवाही पुरेशी खेळत नाही, ज्योत थरथरते, काजळी धरते, आणि दिवा लावताना बोट भाजतं. उंच मेणबत्ती नको, एका बरणीत एकाहून जास्त टी-लाइट नकोत, आणि वितळलेलं मेण थेट बरणीत ओतू नका. मेण पेटलंच तर पाणी टाकायचं नाही, वरून स्टीलची ताटली झाकायची. मी हे चार ओळींत कागदावर लिहून प्रत्येक वाणाबरोबर देते. ज्या घरी रांगतं मूल आहे किंवा एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, तिथे आत सेलवरचा छोटा दिवा ठेवून देते.

बांधताना होणारी चूक

बरण्या छान वाळल्या, आणि समारंभाच्या आदल्या रात्री चमकी कागदात घट्ट गुंडाळल्या, तर आत उरलेला ओलावा तिथेच कोंडतो. मी एकदा दुसऱ्या दिवशी कागद उघडला तेव्हा त्यावर आतून वाफ धरली होती आणि गम पुन्हा दुधी झाला होता. साधा खाकी कागद किंवा वर्तमानपत्र वापरा, वरचं तोंड उघडं ठेवा. तिळगूळ, हलवा बरणीच्या आत भरू नका. गमाचा वास लागतो आणि कण पडतात. बटर पेपरची पुडी करून सुतळीला बाहेरून बांधा, तीही दिवा लावण्याआधी सोडायची आहे हे सांगून.

हळदीचे हात पांढऱ्या थराला लागून पिवळे डाग पडतात, ही तक्रार मला दरवर्षी येते. डाग घासू नका. हळदीचा रंग उन्हात उडतो. रांगोळीची किंवा साध्या मिठाची बरणी असेल तर दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. एप्सम सॉल्टची असेल तर तिला कडक ऊन सोसत नाही, खिडकीतल्या उजेडात ठेवा, वेळ जास्त लागेल पण डाग जाईल.

वेळेचा हिशेब नीट धरा. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतं, पण रथसप्तमी दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीलाच. मी दिवाळीपासून बरण्या साठवते, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात धुते, नाताळच्या सुटीत थर चढवते आणि पहिल्या आठवड्यात त्यांना हातही लावत नाही.

दिलेली बरणी बिघडली असेल तर

सुटलेल्या जागेवर नवा गम लावून ठिगळ देऊ नका. जुन्या थराची कड उचललेली असते, तिच्याखाली ओल शिरते आणि महिन्याभरात शेजारचा भागही येतो. टी-लाइट आणि वाळू काढून घ्या, सुतळी सोडा, आणि बरणी बादलीभर कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी गम पांढरा, फुगलेला दिसेल आणि अंगठ्याने ढकलला की निघेल. लॅकर मारलं असेल तर आधी जुन्या तारेच्या घासणीने थर खरवडा म्हणजे पाणी आत पोचेल. रांगोळी बादलीच्या तळाशी बसते, ती नाल्यात ओतू नका, गाळून वाळवा, पुन्हा वापरता येते. मिठाचं पाणी कुंडीत नको. एप्सम सॉल्टचं पाणीही नको, कारण त्यात गम उतरलेला असतो.

मग बरणी साबणाने धुवा, आणि नळाखाली धरून पाणी अखंड उतरतंय का ते पाहा.